ब्लॉग, वृत्तपत्र आणि बारीक टाइपातील ओळ

कोणत्याही मराठी दैनिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, जाहिरातींच्या गर्दीत, बारीक टाइपात एक ओळ छापलेली असते. अमुक मालकांसाठी अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक. वर्गणीदार ती वाचत नाही. प्रूफे तपासणाराही तिच्याकडे क्वचितच पाहतो, कारण ती रोज तीच असते. तरीही वृत्तपत्र नावाच्या संस्थेचा सारा कायदेशीर भार त्या एका ओळीवर तोललेला आहे. तिचे मूळ १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमात सापडते. सत्तावनचा उठाव नुकताच मोडून काढलेल्या परकी सरकारला कोण काय छापतो यावर नजर ठेवावयाची होती, हे उघड आहे. तो अधिनियम दीडशेहून अधिक वर्षे टिकला. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नियतकालिकांच्या नोंदणीच्या नव्या अधिनियमाने घेतली. ओळ मात्र आजही छापली जाते. सरकारने स्वतःच्या सोयीसाठी लादलेल्या ह्या ओळीचा लाभ कालांतराने वाचकालाही झाला. छापलेल्या मजकुराचा जाब कोठे जाऊन विचारावयाचा, हे त्याला कळू लागले.

ब्लॉगला अशी ओळ नसते. ब्लॉग आणि छापील पत्र यांतील फरक सांगताना कागद आणि पडदा, शाई आणि वीज यांची तुलना पुष्कळ वेळा केली जाते. ती वरवरची आहे. खरा फरक दोन प्रश्नांच्या उत्तरांत आहे : खर्च कोण सोसतो आणि जाब कोण देतो?

ब्लॉग म्हणजे काय हे सुशिक्षितांना नव्याने सांगण्याची गरज नाही असे वाटते खरे. परंतु शब्द परिचयाचा होणे आणि वस्तू कळणे यांत अंतर असते. महाजालावर एका व्यक्तीने, क्वचित चारसहा मित्रांनी मिळून, राखलेली ती एक वही असते. तिच्यातील प्रत्येक टिपणावर तारीख असते, सर्वांत नवे टिपण सर्वांत वर असते आणि खाली वाचकाला उत्तर लिहिण्यास जागा असते. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ चा. त्याचे आखूड रूप 'ब्लॉग' १९९९ चे. त्याच वर्षी 'ब्लॉगर' ही सोय सुरू झाली आणि २००३ मध्ये ती गूगलने विकत घेतली. मराठीत कोणी ह्या वहीला अनुदिनी म्हटले, कोणी जालनिशी. दोन्ही शब्द सुरेख आहेत. रूढ झाला तो ब्लॉगच.

मराठीत हे लेखन थोडे उशिरा फोफावले, याचे कारण टंकांत होते. प्रत्येक वृत्तपत्राचा टंक निराळा आणि एकाचा मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला की अक्षरांची निव्वळ खिचडी, अशी अवस्था कित्येक वर्षे होती. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान सांकेतिक पद्धत हाताशी आली आणि 'बरह', 'गमभन' यांसारखी टंकलेखनाची साधने मिळाली, तेव्हा हा अडसर दूर झाला. 'बरह'चा जन्म मुळात कन्नडसाठी झाला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मराठी लेखकाने शेजारच्या भाषेकडून लेखणी उसनी घेतली. २००५ च्या आसपास मराठी ब्लॉग दिसू लागले आणि पुढील सातआठ वर्षे त्यांचा बहर होता.

परंतु एकट्या माणसाने स्वतःच्या मताचे पत्र चालविणे, ही गोष्ट मराठीला नवी होती काय? गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावाने शंभरावर पत्रे लिहिली. सुटसुटीत, तारखेगणिक, एकेका विषयावर, वाचकाला सरळ झोंबणारी ही पत्रे स्वभावाने आजच्या ब्लॉगच्या जवळची आहेत. लेखक सरकारी नोकरीत होता, म्हणून टोपणनाव. मात्र त्या टोपणनावाच्या मागे संपादक उभा होता. लोकहितवादी कोण हे वाचकाला ठाऊक नसले तरी 'प्रभाकर' कोणाचे हे ठाऊक होते. आगरकरांचे मत 'केसरी'त मावेना तेव्हा त्यांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. मतभेदाची किंमत त्या काळी एक नवे पत्र काढण्याइतकी होती, आणि ती फार मोठी होती.

किती मोठी, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांवरून समजते. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तो शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्यावर. पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तीन वर्षांत ते पत्र बंद पडले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आले. त्याचे रकाने बाबासाहेबांना बव्हंशी एकट्यानेच भरावे लागत आणि पत्रावरील कर्जाचा विषय वाचकांपुढे मांडण्याची पाळीही त्यांच्यावर आली. १९२९ मध्ये तेही थांबले. ज्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, त्यांना विचार सुचत नव्हते किंवा वाचक नव्हते म्हणून पत्र थांबले, असे कोण म्हणेल? ते थांबले कागदाच्या, छपाईच्या आणि टपालाच्या बिलांपायी.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर वृत्तपत्राची पहिली प्रत अतिशय महाग असते आणि त्यानंतरची प्रत्येक प्रत तुलनेने स्वस्त. जुळणी, छपाईयंत्र, वार्ताहर आणि कचेरी यांचा खर्च एक प्रत निघो वा पन्नास हजार, जवळजवळ तोच राहतो. म्हणून पत्र काढणे हे भांडवलाचे काम झाले. पाने मोजकी आणि मजकूर अमाप, त्यामुळे कोणाला जागा द्यावयाची हे ठरविणारा माणूस अटळ ठरला. त्याचेच नाव संपादक. संपादकाचे पद सद्गुणातून नव्हे, टंचाईतून जन्मले आहे. ब्लॉगने ही टंचाईच नाहीशी केली. लेखकाचा वेळ सोडला तर पहिल्या प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य, आणि पुढील प्रतींचाही शून्य. सोलापुरात हजारो घरांतून तेलुगू वा कन्नड बोलले जाते आणि शाळेत मराठी शिकली जाते. अशा घरातल्या तरुणाने यंत्रमागावरील आयुष्याविषयी मराठीत लिहिले, तर त्याला पुण्या-मुंबईच्या संपादकाच्या पसंतीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ही लहान गोष्ट नव्हे. हिला लेखनाची लोकशाही म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

छापील पत्रात मजकूर आधी तपासला जातो आणि मग प्रसिद्ध होतो. ब्लॉगवर आधी प्रसिद्ध होतो आणि तपासला गेलाच तर नंतर, वाचकांकडून. ह्या उलट क्रमाचे काही फायदेही आहेत. एखाद्या विषयाचा जाणकार वाचक चूक तत्काळ दाखवून देतो आणि लेखक प्रामाणिक असेल तर ती तेथेच दुरुस्त होते. वृत्तपत्राचा खुलासा मात्र आठवड्याने, आतल्या पानावर, कोणाच्या दृष्टीस पडू नये अशा बेताने येतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मुंबईतील काही ब्लॉगलेखकांनी पुढाकार घेऊन मदतकार्याची माहिती एका ब्लॉगवर घातली आणि ती जगभर वाचली गेली. अशा प्रसंगी उद्या सकाळच्या अंकाची वाट पाहणे हास्यास्पद ठरले असते. राहता राहिले ललित लेखन. आपल्या रविवार पुरवण्यांतील निम्मे ललित लेखन ब्लॉगवर अधिक शोभले असते आणि ब्लॉगवरील काही लेखन पुरवण्यांत यावयास हवे होते, एवढे म्हटले की पुरे.

पण ब्लॉगला न जमणारी एक गोष्ट आहे, आणि तीच नागरी जीवनात निर्णायक ठरते. ती म्हणजे बातमी मिळविणे. मत फुकट तयार होते, बातमी होत नाही. सोलापूरचेच उदाहरण घ्यावे. उजनी धरण जिल्ह्यात आहे, शहराला तेथून पाणी येते, आणि तरीही कित्येक वर्षे शहरातील नळांना ते रोज नव्हे, काही दिवसांआड मिळाले. ह्या विरोधाभासावर उपरोधिक टिपण लिहिणे कोणालाही शक्य आहे. परंतु जलवाहिनीच्या कामाचा ठेका कोणाला गेला, मुदत किती वेळा वाढली, बिले कोणत्या टप्प्यावर अडली, हे जाणण्यासाठी कोणीतरी पगारी माणूस महापालिकेच्या कचेऱ्यांत दिवसेंदिवस खेपा घालीत राहावा लागतो. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे महापालिकेत लोकांनी निवडून दिलेले सभागृहच नव्हते. प्रशासकाचा कारभार होता. सभागृहात प्रश्न विचारणारे नगरसेवक नसताना कचेरीत प्रश्न विचारणारा वार्ताहर दुप्पट आवश्यक होतो. यंत्रमाग कामगारांच्या वा विडी कामगार स्त्रियांच्या मजुरीच्या वाटाघाटींनाही हेच लागू पडते. नोकरी सांभाळून रात्री दहा वाजता लिहावयास बसणाऱ्या ब्लॉगलेखकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

त्या वार्ताहराचा पगार वाचक देत नाही, ही दुसरी अडचण. दैनिकाची किंमत त्याच्या निर्मितिखर्चाहून कमी असते आणि तूट जाहिरातदार भरून काढतो. २०२० च्या टाळेबंदीत जाहिराती आटल्या तेव्हा अनेक पत्रांनी पाने कमी केली, आवृत्त्या आवरल्या आणि माणसेही. त्याच्या पुष्कळ आधीपासून जाहिरातीचा पैसा महाजालावरील मोठ्या कंपन्यांकडे वळू लागला होता. ह्या कंपन्या स्वतः एकही बातमी गोळा करीत नाहीत. पूर्वी दुर्मीळ होती ती जागा; आता दुर्मीळ आहे ते वाचकाचे लक्ष, आणि त्या लक्षाचा व्यापार त्यांच्या हाती आहे. कोणाचा मजकूर वर दिसावा आणि कोणाचा तळाशी जावा, हे ठरविणारा हा नवा संपादकच होय. त्याच्या पानाच्या तळाशी मात्र ती बारीक ओळ नाही. किंबहुना माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७९ ने अशा मध्यस्थांना, काही अटींवर, इतरांनी घातलेल्या मजकुराच्या दायित्वातून सूट दिलेली आहे.

येथे छापील पत्रांच्या कैवाऱ्यांनी फार हुरळून जाण्याचे कारण नाही. बारीक ओळ असली की सचोटी येते असे नव्हे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकच स्तुतिपर मजकूर, शब्दही न बदलता, निरनिराळ्या दैनिकांत बातमी म्हणून झळकल्याचे पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची नावांनिशी चौकशी केली. परंतु परिषदेने २०१० मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातून ती नावे गळाली होती. मूळ अहवाल उजेडात यावयास माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. ज्यांनी जाब द्यावयाचा त्यांनीच एकमेकांना सांभाळून घेतले, तेव्हा वाचकाने ब्लॉगकडे वळावे यात नवल कोणते?

एवढे असूनही ब्लॉग आणि वृत्तपत्र हे एकाच घराण्यातील आहेत. ब्लॉगला पत्ता असतो, तारीख असते, बहुधा लेखकाचे नाव असते. टोपणनाव असले तरी वर्षानुवर्षांच्या लेखनातून त्याची पत ठरलेली असते. कालचे टिपण आज काढून दाखविता येते. खरा घराणेबदल झाला तो ब्लॉगचा बहर ओसरल्यावर. लेखक फेसबुकवर गेले आणि वाचक व्हॉट्सअॅपवर. तेथे जो मजकूर हातोहात पुढे जातो, त्याला लेखक नाही, तारीख नाही, गाव नाही. दुसऱ्याचा लेख त्याचे नाव कापून पुढे धाडणे हा तर नित्याचा शिरस्ता झाला.

याची किंमत सोलापूर जिल्ह्याने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी ह्या भटक्या समाजाची होती. भिक्षा मागत फिरणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्यांतील बहुतेक मंगळवेढे भागातील. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश आणि चित्रफिती त्या सुमारास भ्रमणध्वनींवरून पसरलेल्या होत्या. एका मुलाशी बोलताना ही माणसे दिसली, आणि संशयाला तेवढे पुरे झाले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. हीच अफवा एखाद्या दैनिकात छापून आली असती, तर संपादकाला निदान न्यायालयात उभे करता आले असते. ब्लॉगवर आली असती, तर कोणीतरी तिच्याखाली 'पुरावा कोठे आहे?' असे लिहिले असते आणि ते पुढच्या वाचकाच्या नजरेस पडले असते. हातोहात फिरणाऱ्या संदेशाला शंकेची ही जागाच नाही. शंका घेणाऱ्याचे उत्तर त्याच्या गटापुरते राहते, अफवा पुढील गटात गेलेली असते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. छापील मजकुराच्या दोनशे वर्षांत असा उपाय कोणाला सुचला नव्हता, कारण तशी गरजच पडली नव्हती.

उलट, नाव लावून लिहिणाऱ्यांच्या वाट्याला काय आले ते पाहावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्याबद्दल आणि त्या पसंत केल्याबद्दल पालघरमधील दोन तरुणींना अटक झाली. त्यांची नावे मजकुराला जोडलेली होती, म्हणूनच त्या तत्काळ सापडल्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ अ हे त्या प्रकरणामुळे देशभर गाजले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. २०२१ मध्ये केंद्राने अंकीय माध्यमांसाठी आचारसंहितेचे नियम आणले, तेव्हा त्यांतील महत्त्वाच्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. सरकारविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारच्याच कक्षाने ठरविण्याची २०२३ ची तरतूद त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. शिक्षकांना आणि कारकुनांना याहून जवळचा विषय म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर काय लिहू नये याविषयी राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या सूचना. लोकहितवादींची नोकरी आज असती तर 'शतपत्रे' कोणत्या नियमाखाली आली असती, हा विचार मनोरंजक आहे. फारसा सुखद नाही.

नाव छापण्याचे हे दुहेरी स्वरूप सोलापूरने पूर्वीच पाहिले आहे. मे १९३० मध्ये ह्या शहरावर लष्करी कायदा लादला गेला तेव्हा 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना जबर शिक्षा झाली. त्यांना शोधण्यासाठी सरकारला तसदी घ्यावी लागली नाही. नाव अंकावरच होते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेल्या चौघा हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हेही 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत. त्यांच्यावरील आरोप पोलिसांच्या हत्येचा होता, लेखनाचा नव्हे. पण शहर त्यांना ओळखत होते त्यात त्या पत्राचाही वाटा होता. ज्या ओळीने सरकारला संपादक सापडत असे, त्याच ओळीने वाचकाला त्या माणसाच्या शब्दाचे वजन कळत असे.

आणखी एका बाबतीत ब्लॉग उघड्यावर पडलेला आहे. प्रत्येक छापील पुस्तकाची आणि नियतकालिकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आदी चार ठिकाणी देण्याचा कायदा १९५४ पासून आहे. वृत्तपत्रे त्यात दोन वर्षांनी आली. त्याचे पालन यथातथाच होते, तरीही शंभर वर्षांपूर्वीचा अंक शोधणाऱ्या संशोधकाला कोठे जावयाचे हे माहीत असते. २००८ चा एखादा उत्तम मराठी ब्लॉग शोधावयास गेल्यास पुष्कळदा पत्ता मिळतो आणि पान मिळत नाही. लेखकाने गुप्तशब्द हरवला, कंपनीने सोय बंद केली, लेखक वारला. कारणे अशी साधीच. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी निवडक ब्लॉगांच्या प्रती लेखकांच्या संमतीने जपून ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ते सहज करता येईल आणि त्याला फार पैसाही लागणार नाही.

ब्लॉगलेखकांवर नोंदणीची सक्ती करावी, असा सूर मधूनमधून निघतो. तो अनिष्ट आहे. सक्ती केली तर पालघरच्या तरुणींसारखे, नाव लावून लिहिणारेच तेवढे तिच्या जाळ्यात येतील. त्यापेक्षा ब्लॉगलेखकाने आपण होऊन नाव वा कायमचे टोपणनाव, तारीख, माहितीचा आधार आणि केलेली दुरुस्ती पानावर दाखविण्याचा संकेत पाळावा. आणि जिल्हा दैनिकांनी आपल्या भागातील अशा लेखकांना मानधन देऊन छापावे. २०२३ च्या अधिनियमाने नियतकालिकाची व्याख्या मुद्रित प्रकाशनापुरतीच ठेवली, हे त्या दृष्टीने बरेच झाले. पुढे प्रसारण सेवांविषयीच्या विधेयकाच्या २०२४ मधील मसुद्याबाबत, महाजालावर एकेकट्याने वृत्तविषयक मजकूर देणाऱ्यांनाही तो आपल्या कक्षेत ओढतो, असा आक्षेप निघाला आणि नवा मसुदा आणण्याचे मंत्रालयाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर केले. ज्यांना नाव आहे, पत्ता आहे आणि नियमाने लिहिण्याची सवय आहे, अशांविषयीच ती सारी चर्चा झाली. राईनपाड्यास पोचलेल्या मजकुराला यांपैकी एकही गोष्ट नव्हती.